जनरलसाहेबांची सही

३ डिसेंबर २०२४ ची संध्याकाळ मी भोपाळला, काकांच्या घरी होते. अयोध्या नगर ही तिथली बायपासकडची वसाहत. गोविंदपुऱ्याच्या कारखान्यांतून निवृत्त झालेली पुष्कळ मंडळी त्या भागात घरे बांधून राहिली आहेत. काकाही त्यांतलेच. चुलतबहिणीच्या साखरपुड्यासाठी आम्ही सोलापूरहून गेलो होतो. भोपाळ शहराला त्या दिवशी स्थानिक सुटी असते, कारण १९८४ च्या वायुदुर्घटनेचा तो स्मृतिदिन. त्या वर्षी तर चाळीस वर्षे पुरी झालेली. दिवसभर टीव्हीवर तीच जुनी छायाचित्रे चालू होती आणि काकू मधूनमधून पदराने डोळे टिपत होत्या.

सातच्या सुमारास खालची पट्टी बदलली. दक्षिण कोरियात मार्शल लॉ. तिकडचे साडेदहा म्हणजे आपले सात. चहाचे कप तसेच राहिले. त्यानंतर जे घडले ते आम्ही जेवणाच्या आधी, जेवताना आणि जेवणानंतर असे टप्प्याटप्प्याने पाहिले, आणि रात्री एकच्या सुमारास, आम्ही अंथरुणे घालत असताना, मार्शल लॉ मागे घेतल्याची बातमी आली. एका देशातील लष्करी राजवट सुरू होऊन संपायला आमच्या घरचा एक चहा आणि एक जेवण एवढाच वेळ लागला!

या सहा तासांविषयी नंतर पुष्कळ लिहून आले. राष्ट्राध्यक्ष युन सुक-योल यांना ठेवायचे की काढायचे, हा प्रश्न तिकडच्या संसदेने १४ डिसेंबरला आणि घटना न्यायालयाने ४ एप्रिल २०२५ ला निकालात काढला. आठही न्यायाधीशांनी एकमताने त्यांना पदावरून दूर केले. मला त्यांच्याविषयी फारसे लिहायचे नाही. माझ्या मनात घर करून राहिला तो दुसराच माणूस: लष्करप्रमुख जनरल पार्क आन-सू. त्या रात्री त्यांना 'मार्शल लॉ कमांडर' नेमण्यात आले आणि त्यांच्या नावाने पहिला हुकूमनामा निघाला. संसदेचे आणि सर्व पक्षांचे राजकीय कामकाज बंद, वृत्तपत्रे व प्रसारण लष्कराच्या ताब्यात, संप बंद, कामावर न आलेल्या डॉक्टरांनी ४८ तासांत हजर व्हावे, असा त्याचा मजकूर. रात्री अकरापासून तो लागू झाला.

दोनच दिवसांनी, ५ डिसेंबरला, हे जनरलसाहेब संसदेच्या समितीपुढे उभे राहिले. त्यांनी जे सांगितले ते थोडक्यात असे. मार्शल लॉ लागल्याचे त्यांना राष्ट्राध्यक्षांचे भाषण टीव्हीवर ऐकूनच कळले. म्हणजे त्यांना आणि आम्हांला, सोलमध्ये आणि अयोध्या नगरात, ते एकाच वेळी कळले म्हणायचे. मग हुकूमनाम्याचा कागद त्यांच्या हाती आला. त्यांनी संरक्षणमंत्री किम योंग-ह्युन यांना विचारले, कायदेशीर तपासणी झाली आहे का? मंत्री म्हणाले, झाली आहे. त्या कागदावर हुकूम लागू होण्याची वेळ रात्री दहाची होती आणि दहा तर केव्हाच वाजून गेले होते. म्हणून त्यांनी दहाचे अकरा केले. आणि सही केली.

हे वाचले तेव्हा मी थबकले. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. हिशेबतपासणी हा आमचा विषय, आणि आमच्या सरांचे एक ठरलेले वाक्य आहे की सही करणाऱ्याने काय वाचले ते त्याने काय दुरुस्त केले त्यावरून ओळखावे. तारीख खोडून नीट केली असेल तर तारखेपर्यंत तरी त्याने कागद वाचला आहे! जनरलसाहेबांना वेळेची चूक दिसली. वेळ दिसते त्याच कागदावर पहिलेच कलम संसद बंद करण्याचे होते. दक्षिण कोरियाच्या घटनेचे ७७ वे कलम मार्शल लॉविषयी आहे. त्यात भाषण, वृत्तपत्रे, सभा यांवर आणि सरकार व न्यायालये यांच्या अधिकारांवर विशेष उपाय योजता येतील असे म्हटले आहे. संसदेचे नाव त्या यादीत नाही. उलट त्याच कलमात लिहिले आहे की संसदेच्या एकूण सभासदांपैकी बहुमताने मागणी केली तर राष्ट्राध्यक्षांनी मार्शल लॉ उठवलाच पाहिजे. ज्या संस्थेला मार्शल लॉ उठवण्याचा अधिकार, तीच मार्शल लॉच्या हुकमाने बंद! हे समजायला कायद्याची पदवी लागते असे मला वाटत नाही. आमच्या भागीदारीच्या धड्यातसुद्धा भागीदाराला काढण्याची सभा त्याच भागीदाराने रद्द करायची असे कुठे नसते.

काका मात्र माझ्याशी मुळीच सहमत नव्हते.

"अगं, लष्कर म्हणजे काय कॉलेजची वादविवाद सभा आहे का?" ते म्हणाले. "वरून हुकूम आला, मंत्र्याने सांगितलं तपासलंय, मग जनरल काय वकील शोधत बसणार? उद्या प्रत्येक जनरल घटना उघडून बसला तर सैन्य राहील का? आपल्याकडे सैन्य सरकारचं ऐकतं म्हणून तर आपण शेजाऱ्यांसारखे झालो नाही."

हा मुद्दा हलका नाही, आणि तो बाजूला सारून पुढे जाणे मला प्रामाणिक वाटत नाही. लष्कराने निवडून आलेल्या सरकारचे ऐकावे हे तत्त्व आपण अभिमानाने सांगतो. युन हे निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष होते, किम हे मंत्री होते. 'मला हे पटत नाही' म्हणून जनरलने हुकूम नाकारायचे ठरवले तर ती दुसऱ्या प्रकारची लष्करशाही होऊ शकते. शिवाय वेळ किती थोडा! टीव्हीवर भाषण संपलेले, मंत्री समोर बसलेले, कागद पुढ्यात. आपण परीक्षेच्या शेवटच्या पाच मिनिटांत काय काय लिहितो ते आठवून पाहा.

काकांच्या बाजूने आमच्या पुस्तकातही एक दाखला आहे. १८९६ चा इंग्लंडमधील किंग्स्टन कॉटन मिलचा खटला आमच्याकडे प्रत्येकाने घोकलेला असतो. गिरणीच्या व्यवस्थापकाने शिल्लक मालाचे आकडे फुगवून दाखले दिले आणि हिशेबतपासनिसांनी ते खरे मानून सही केली. न्यायालयाने तपासनिसांना सोडून दिले. तपासनीस हा राखणीचा कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे, हे वचन त्याच निकालातले. जबाबदार माणसाने दाखला दिला तर त्यावर विसंबण्यात गुन्हा नाही. या न्यायाने जनरल पार्क सुटले म्हणायचे. मंत्र्याने दाखला दिला होता.

परंतु त्याच निकालाचा दुसरा भाग परीक्षेत पुष्कळजण लिहायचे विसरतात (मीसुद्धा एकदा विसरले आहे). संशय यावा असे काही समोर दिसत असेल तर तपासनिसाला विसंबून चालत नाही, त्याने मुळाशी गेले पाहिजे. गिरणीच्या वह्यांत संशयास्पद काही वरवर दिसत नव्हते. सोलमधल्या कागदावर ते पहिल्याच ओळीत होते. राखणीच्या कुत्र्याकडून एवढीच अपेक्षा असते की चोर दारातून, दिवा लावून, आत येत असेल तर त्याने भुंकावे.

आणखी एक गोष्ट घटना न्यायालयाच्या निकालात नमूद आहे. मार्शल लॉ पुकारताना राष्ट्राध्यक्षांनी मंत्र्यांना बोलावले खरे, पण ती बैठक काही मिनिटांतच आटोपली आणि कागदपत्रावर पंतप्रधानांच्या आणि मंत्र्यांच्या ज्या प्रतिस्वाक्षऱ्या घटनेनुसार लागतात त्या घेतल्याच नाहीत. ज्यांनी सही करायला हवी होती त्यांची सही नाही, आणि हुकूमनाम्याखाली मात्र जनरलसाहेबांची आहे. काकांना मी हे सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणूनच म्हणतो, बिचाऱ्याला अडकवला."

असेलही. परंतु त्याच रात्री त्याच सैन्यात अडकलेले दुसरेही होते. त्यांनी काय केले तेही पाहिले पाहिजे.

विशेष दलाची हेलिकॉप्टरे संसदेकडे निघाली तेव्हा राजधानीच्या संरक्षणविभागातील एका कर्नलने, कशासाठी जाताय ते कळल्याशिवाय या हवाई हद्दीत येऊ देणार नाही, असे म्हणून ती अडवून धरली. पुढे लष्कराच्या मुख्यालयातून परवानगी आली, पण मधला अर्धापाऊण तास गेला तो गेलाच. त्याच विभागातील दुसरे एक कर्नल, चो सुंग-ह्युन, यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये घटना न्यायालयापुढे साक्ष दिली. आत जाऊन सभासदांना बाहेर काढा असा वरिष्ठांचा हुकूम त्यांना आला होता. त्यांनी मागून येणाऱ्या तुकडीला कळवले, सोगांग पूल ओलांडू नका. पूल ओलांडू नका! किती साधे वाक्य आहे. बंड नाही, भाषण नाही, राजीनामाही नाही. विशेष दलाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल क्वाक जोंग-गन यांनी सैनिक पाठवले, परंतु सभासदांना ओढून बाहेर काढण्याचा हुकूम त्यांनी पाळला नाही आणि ६ डिसेंबरला तसे उघड सांगितले. त्यांच्यावरही खटला भरला गेला. जनरल पार्क यांच्यावर आरोपपत्र ठेवले त्याच दिवशी, ३ जानेवारी २०२५ ला. क्वाक यांना मी धुतल्या तांदळासारखे म्हणणार नाही.

इकडे अडवलेल्या त्या वेळात काय झाले? सभासद कुंपणावरून उड्या टाकून आत शिरले. सभापती वू वॉन-शिक हे साठी उलटलेले गृहस्थ, तेही कुंपण चढून गेले. कर्मचाऱ्यांनी दारांना टेबलखुर्च्या लावल्या. सैनिक खिडक्या फोडून आत आले तेव्हा त्यांच्यावर अग्निशामक नळकांड्यांचा फवारा उडाला. आणि तिकडच्या रात्री एकला, आपल्या साडेनऊला, ३०० पैकी जे १९० सभासद सभागृहात पोचू शकले होते त्या सर्वच्या सर्व १९० जणांनी मार्शल लॉ उठवा म्हणून मत दिले. आमच्याकडे त्या वेळी भाकरी वाढणे चालले होते.

सोलापूरच्या माणसाला मार्शल लॉ हा शब्द परका नाही. आपल्या शहरात तो १९३० साली १२ मे ते ३० जून असा लागू होता. गांधीजींच्या अटकेनंतर शहर उसळले, ८ मेला गोळीबार झाला, पोलीस मेले, माणसे मेली, गोरे अधिकारी काही दिवस शहराबाहेर गेले, आणि मग लष्कर आले. काँग्रेसचा झेंडा हाती धरणे हाच गुन्हा ठरला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना पुढे १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. त्या चौघांचे पुतळे आपण रोज पाहतो, पण ज्या लष्करी अधिकाऱ्यांच्या सहीने ते सात आठवडे शहर चालले त्यांची नावे आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील? माझी पणजी कन्नड बोलणारी होती. आज्जी सांगते की 'मार्शल लॉ' हे तिने शिकलेले बहुधा एकमेव इंग्रजी. ती ते 'मार्शल्ला' असे म्हणे आणि पोरांना संध्याकाळी घरात घ्यायला त्याचा उपयोग करी.

सोलापुरात कोणा निवडून आलेल्या सभेला तो उठवण्याचा अधिकार नव्हता. अधिकाऱ्यांना जाब विचारणारी संसद सात समुद्रांपलीकडे होती. आणि तरीही त्याच वसंतात, सोलापूरच्या तीनच आठवडे आधी, २३ एप्रिल १९३० ला पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात चंद्रसिंग गढवाली यांनी आणि त्यांच्या सोबतच्या गढवाली सैनिकांनी निःशस्त्र जमावावर गोळी झाडण्यास नकार दिला होता. त्यांच्यामागे घटना नव्हती, सभापती नव्हते, टीव्हीचे कॅमेरे नव्हते. कोर्टमार्शल झाले, गढवालींना जन्मठेप झाली. ते जनरल नव्हते, साधे हवालदार होते. काकांना मी विचारले, मग यांनीही चूकच केली का? "ते वेगळं," काका म्हणाले. कसे वेगळे ते मात्र त्यांना नीट सांगता येईना, आणि वडीलधाऱ्यांना जास्त छेडू नये म्हणून मीही थांबले.

आपल्या घटनेत मार्शल लॉ कसा पुकारायचा याचे कलमच नाही. ३४ व्या कलमात तो शब्द येतो, तोही नंतर संसदेने अधिकाऱ्यांच्या कृत्यांना संरक्षण द्यावयाचे झाल्यास काय, एवढ्यापुरता. आपल्याकडे झाली ती आणीबाणी, आणि ती वेगळी गोष्ट. परंतु सहीपुरते बोलायचे तर साम्य आहे. २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी सही केली आणि मंत्रिमंडळाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळवण्यात आले. न्हाणीघराच्या टबात बसून सह्या करणारे राष्ट्रपती असे अबू अब्राहम यांचे व्यंगचित्र त्याच वर्षी डिसेंबरात छापून आले. आमच्या सरांनी ते वर्गात दाखवले होते. पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ठरवले की मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळवल्याशिवाय आणीबाणी जाहीर करता येणार नाही. हिशेबाच्या भाषेत, व्हाउचरशिवाय नोंद नाही.

आपल्या लष्करी कायद्याकडेही काकांनी एकदा पाहावे. १९५० च्या आर्मी ॲक्टच्या ४१ व्या कलमात वरिष्ठांचा हुकूम मोडणे हा गुन्हा आहे, पण तिथे नुसता 'हुकूम' म्हटलेले नाही; 'कायदेशीर हुकूम' म्हटले आहे. ते एक विशेषण कायदा करणाऱ्यांनी उगाच घातलेले नाही. हुकूम कायदेशीर आहे की नाही हे पाहण्याचे काम कधी ना कधी हुकूम घेणाऱ्यावर येणारच, याची त्यांना कल्पना होती. नागरी सत्तेपुढे लष्कराने नमावे हे खरेच. पण नागरी सत्ता म्हणजे एक माणूस आणि त्याचा एक मंत्री एवढीच नसते. त्या रात्री कुंपण चढणारे सभापतीही नागरी सत्ताच होते. जनरल पार्क यांनी दोहोंपैकी जी सत्ता टेबलापलीकडे बसली होती तिचे ऐकले. ती त्यांची चूक, आणि ती क्षुल्लक नाही असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांनी सैनिकांना गोळी झाडायला सांगितले नाही, संसदेत सैन्य कोणी पाठवले ते आपल्याला ठाऊक नव्हते असे ते म्हणाले. हेही धरले तरी हुकूमनामा निघाला तो त्यांच्या नावाने. त्यांचे नाव खाली नसते तर तो एका रागावलेल्या पुढाऱ्याचा कागद राहिला असता. शिपायाला, पोलीसप्रमुखाला, टीव्हीच्या संपादकाला भीती वाटली ती चार तारे असलेल्या माणसाच्या सहीची. १७ डिसेंबरला त्यांना अटक झाली.

मराठीत आणि कन्नडात आपण 'सही' म्हणतो ती एकच. भोपाळात हिंदी कानावर पडते, तिथे 'सही' म्हणजे बरोबर. साखरपुड्याच्या दिवशी मंडपवाल्याने बिलावर काकांची सही घेतली आणि आकडे पाहून "सही है ना, साहब?" असे विचारले. काकांनी बिल परत घेतले, चष्मा लावला आणि खुर्च्या पुन्हा मोजायला माझ्या चुलतभावाला पाठवले. वीस खुर्च्या कमी भरल्या.

त्या रात्री पाहुणे गेल्यावर ते गच्चीवर माझ्याजवळ येऊन बसले. काका नोकरीत तपासणी विभागात होते. तयार यंत्र बाहेर पडण्याआधी चाचणीच्या तक्त्यावर ज्याची सही लागते तो माणूस म्हणजे ते. कारखान्याचे नाव मी लिहीत नाही. "एकदा मार्च महिन्याची अखेर होती," ते म्हणाले. "माल त्याच रात्री निघायला पाहिजे होता. साहेब म्हणाले, चाचणी झाली आहे, मी पाहिली, तू फक्त कर. मी केली. यंत्र आजही कुठेतरी चालू असेल. काही झालं नाही."

मी काही बोलले नाही.

"तारीख मात्र मी बदलली होती," काका म्हणाले. "चुकीची पडली होती."